पाण्यावरचे बिऱ्हाड

‘आपले चिरंजीव सध्या कोठे असतात?’ हा प्रश्न आमच्या वयाच्या गृहस्थास आठवड्यातून दोन वेळा तरी ऐकावा लागतो. पुणे, बंगळूर, अमेरिका यांपैकी कोणतेही उत्तर दिले की विचारणाऱ्याचे समाधान होते. कारण त्या उत्तरामागे एक घर, एक पत्ता आणि एक कचेरी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. मी मात्र ‘होडीवर’ असे उत्तर देतो. मग समोरचे गृहस्थ क्षणभर थांबतात. चिरंजीव नौदलात असावेत की व्यापारी जहाजावर, असा तर्क करू लागतात. नौदल नव्हे आणि व्यापारही नव्हे. स्वतःच्या शिडाच्या होडीवर पत्नी व मुलगी यांच्यासह संसार मांडून तो राहतो, असा खुलासा केला म्हणजे दोनपैकी एक उद्गार ठरलेला. तरुण म्हणतात, ‘काय भाग्यवान माणूस!’ वडीलधारे म्हणतात, ‘अरेरे, आणि शिक्षण तर चांगले झाले होते!’

हे दोन्ही उद्गार त्या जीवनाच्या चित्रावरून निघालेले असतात. प्रत्यक्ष जीवनाशी त्यांचा संबंध थोडा. २०२३ च्या डिसेंबरात आमची मंडळी व मी न्यूझीलंडला गेलो आणि दोन महिने त्या होडीवर राहून आलो. निघताना मनात एक प्रश्न बांधून नेला होता. तो कोणता, हे पुढे येईलच. परंतु आधी त्या बिऱ्हाडाची ओळख वाचकांस करून देणे उचित होईल. ‘बिऱ्हाड’ हा शब्द मी जाणूनबुजून योजीत आहे. घर म्हटले की जमीन आली, सातबारा आला, परसातला माड आला. बिऱ्हाडाला यांपैकी काहीच लागत नाही. चूल आणि माणसे असली की ते पुरे होते.

मुलगा व सूनबाई दोघेही कित्येक वर्षे ऑकलंड शहरी नोकरीस होती. २०१७ साली त्यांनी तेथील घर विकून एक जुनी होडी घेतली. तिची बांधणी १९८६ सालची, लांबी अडतीस फूट, मधली रुंदी सुमारे बारा फूट. काया फायबरग्लासची, आणि पोटाखाली शिशाचा जड कणा, ज्याला ते कील म्हणतात. वाऱ्याने होडी कितीही कलली तरी हे शिसे तिला पुन्हा सरळ करते. देवगडास आमच्या घराची ओटी आहे, तिच्यात ही होडी रुंदीने सहज मावेल. लांबीने मात्र अंगणात जाईल. एवढ्या जागेत तीन माणसांचे झोपणे, स्वयंपाक, न्हाणीघर, मुलीची शाळा आणि इंजीन.

या बिऱ्हाडाचे वर्ष वाऱ्याने ठरते. दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबरपासून एप्रिलअखेर चक्रीवादळांचा मोसम. तेवढे सहा महिने टोंगा, फिजी या उष्ण बेटांपासून दूर, दक्षिणेस न्यूझीलंडमध्ये काढावयाचे. मे महिन्यात वादळे सरली की पुन्हा उत्तरेस जावयाचे. मधला पल्ला हजार सागरी मैलांहून अधिक. एक सागरी मैल म्हणजे एक किलोमीटर आठशे बावन्न मीटर. आणि अशी होडी दिवसरात्र चालून चोवीस तासांत सव्वाशे-दीडशे सागरी मैल कापते. म्हणजे आठ-दहा दिवस चहूंकडे पाणी. आपल्याकडे कोकणातल्या होड्या पावसाळ्यात बंदरात बसतात आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ देऊन बाहेर पडतात; तद्वत हेही एक चातुर्मासाचे व्रतच, फक्त ते सहा महिन्यांचे आणि उलट्या ऋतूंचे. दिवाळी तेथे वसंतात येते.

आमच्या आजोबांच्या पिढीस समुद्रयान हा प्रायश्चित्ताचा विषय होता. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात समुद्रगमनाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली. परंतु त्याच सूत्रात उत्तरेकडील लोकांच्या चालीरीती सांगताना त्याने समुद्रगमनाचाही उल्लेख केला आहे. अर्थात निषेध होता आणि जाणारेही होते. ते होते याची साक्ष अमरकोश देतो. त्याच्या वारिवर्गात सुकाणूवाला आहे, वल्हे आहे, होडीतले पाणी उपसण्याचे भांडेसुद्धा ‘सेकपात्र’ म्हणून आहे. डोलकाठीला त्यात एक नाव ‘गुणवृक्षक’ असे दिले आहे, म्हणजे दोऱ्यांचा वृक्ष. तीस वर्षे मी हा शब्द मुलांकडून पाठ करून घेतला. परवा तो वृक्ष प्रत्यक्ष पाहिला, आणि अमरसिंहाने हा शब्द कोणा नाविकाच्या तोंडून घेतला असला पाहिजे, याविषयी माझी खात्री झाली.

आधुनिक काळी या मार्गाचा आद्य पुरुष म्हणून जोशुआ स्लोकम या अमेरिकेतील कप्तानाचे नाव घेतात. १८९५ ते १८९८ या तीन वर्षांत त्याने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती करणारा तो पहिला मनुष्य. परंतु मला त्याच्या चरित्रातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ती होडी त्याला मिळाली तेव्हा एका शेतात कुजत पडली होती. तेरा महिने स्वतःच्या हातांनी त्याने तिचे एकेक लाकूड बदलले. आधी तेरा महिन्यांची दुरुस्ती आणि मग प्रवास! आपल्याकडे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या नौकेतून एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’वरून तोच पराक्रम केला, आणि २०२४-२५ मध्ये त्याच ‘तारिणी’वरून दिलना आणि रूपा या दोघींनी. पहिल्या फेरीत घर जवळ आले असताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ‘तारिणी’ला मॉरिशसच्या बंदरात थांबावे लागले. समुद्रावरचे यश किती अंशी किनाऱ्यावरच्या दुरुस्तीचे असते, हे यावरून ध्यानात येईल.

हे सर्व वीर होत. आमचे चिरंजीव वीर नव्हेत. ते बिऱ्हाडकरू आहेत. आणि बिऱ्हाडकरूला पाहुणे येतात.

होडीवर राहणाऱ्यांमध्ये पाहुण्यांविषयी एक नियम प्रसिद्ध आहे. पाहुण्याने स्थळ निवडावे अथवा काळ निवडावा. दोन्ही निवडू नयेत. अमुक तारखेस यावयाचे असेल तर त्या दिवशी होडी जेथे असेल तेथे यावे. अमुक बेटच पाहावयाचे असेल तर होडी तेथे पोहोचेपर्यंत वाट पाहावी. विमानाचे तिकीट तारखेवर निघते, आणि वारा तारीख पाळीत नाही. आमच्या भेटींचा हिशेब तर आणखी बिकट. २०१९ साली मुलगा देवगडास येऊन गेला. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे न्यूझीलंडने आपल्या सीमा मिटल्या. त्या पूर्णपणे उघडल्या २०२२ च्या जुलैअखेर. त्या अवधीत नात पाच वर्षांची होती ती सात वर्षांची झाली. दूरध्वनीच्या पडद्यावर ती आम्हांला दात पडलेले दाखवी, पुढे नवे आलेले दाखवी. सौभाग्यवती पडद्यावर बोट टेकून दात मोजी.

तेव्हा आम्ही काळ निवडला आणि स्थळ त्यांच्यावर सोपविले. स्थळ निघाले व्हांगारेई. ऑकलंडच्या उत्तरेस रस्त्याने सुमारे एकशे साठ किलोमीटरांवर, हातेआ नदीच्या मुखाशी वसलेले गाव. दर नोव्हेंबरात दूरदूरच्या होड्या तेथे दुरुस्तीसाठी गोळा होतात. नदीवर २०१३ साली बांधलेला एक उघडता पूल आहे. माओरी लोकांच्या मासे धरण्याच्या गळाचा आकार त्याला दिलेला आहे. उंच डोलकाठीची होडी आली की रस्त्यावरची वाहने थांबतात आणि पुलाचा मधला भाग वर उचलला जातो. ज्या देशात होडीसाठी मोटारी थांबतात, तेथे होडीवर राहणाऱ्यास कोणी ‘अरेरे’ म्हणत नसावे.

तेथे पोहोचून पाहतो तो होडी पाण्यात नव्हतीच. काटेरी तारेच्या कुंपणाआड, खडीच्या मैदानावर, अशाच चाळीस-पन्नास होड्यांच्या रांगेत, लाकडी ठोकळ्यांवर कील टेकवून आणि दोन्ही अंगांस लोखंडी टेकू लावून ती उभी होती. तिला टेकलेली दहा फुटांची शिडी. त्या शिडीच्या डोक्यावर सूनबाई उभी होती आणि म्हणत होती, ‘आई, सावकाश या. घाई नको.’

येथे यार्ड म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. चाकांवरची एक प्रचंड चौकट पाण्याच्या खाचेवर येऊन उभी राहते. तिचे दोन रुंद पट्टे होडीच्या पोटाखालून घेतात आणि आठ-नऊ टनांची होडी, तान्हे मूल झोळीत उचलावे तशी, वर उचलतात. पाण्याबाहेर आलेले तिचे पोट पाहण्यासारखे असते. शेवाळ, चुनखडीच्या कवचाचे जीव, बारीक कालवे यांची गर्दी. ही गर्दी वेग खाते. शिवाय परदेशी जीव आपल्या पाण्यात येऊ नयेत म्हणून न्यूझीलंडने २०१८ पासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक होडीचे पोट स्वच्छ असावे, असा दंडकच घातला आहे. म्हणून ते पोट आधी जोरदार पाण्याने धुवावयाचे, मग खरवडावयाचे, मग घासावयाचे, आणि शेवटी तांबे मिसळलेल्या रंगाचे दोन हात द्यावयाचे. तांब्याच्या जवळ हे जीव सहसा वस्ती करीत नाहीत.

हे वरवरचे काम झाले. खरे काम यादीत असते. यादी आत भिंतीवर चिकटविलेली होती. आम्ही आलो त्या दिवशी तिच्यात सत्तावीस कलमे होती आणि आठ दिवसांनी, नऊ कामे उरकूनही, एकतीस. एक झाकण काढावे तर त्याखाली दुसरा गंजलेला स्क्रू भेटावा, असा तो प्रकार. समुद्राचे पाणी ज्यातून आत-बाहेर होते त्या तोट्या सोडवून तपासणे, इंजिनाच्या दांड्याभोवतीचे रबर बदलणे, नांगराची साखळी उलटीसुलटी करणे. दिवस उजाडे तो हातांत पाना घेऊनच.

त्यातील एक वस्तू माझ्या मनात घर करून राहिली आहे. होडीच्या काशाच्या पंख्याजवळ जस्ताचा एक तुकडा बसवितात. खाऱ्या पाण्यात दोन निरनिराळे धातू एकत्र आले की त्यांतला एक झिजतो. जस्त हे काशाहून लवकर झिजते, म्हणून ते जवळ असेपर्यंत पंख्याला धक्का लागत नाही. मुलाने जुना तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मूठभर धातूचे वाळवी लागलेल्या लाकडासारखे झाले होते. ‘हा असाच झिजायला हवा, अण्णा,’ तो म्हणाला, ‘झिजला नाही तर काळजी करायची.’ सौभाग्यवती शेजारीच होती. तिने तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि ‘ह्याला काही नाव आहे का?’ एवढेच विचारले.

पाचव्या दिवशी मोठे कलम निघाले. डोलकाठीला चहूंकडून ताठ धरणाऱ्या पोलादी तारा असतात. प्रत्येक तार एकोणीस बारीक तारांचा पीळ घालून केलेली. मुलगा भिंग घेऊन त्या तपासीत होता. एका तारेच्या मुळाशी एकोणिसांपैकी एक तार तुटलेली आढळली. उरलेल्या अठरा शाबूत होत्या. मी विचारले, ‘अठरांवर चालणार नाही का?’ तो म्हणाला, ‘किनाऱ्याजवळ चालेल. पण पाचशे मैलांवर सतरावी तुटली तर काठी खाली येईल.’ मग डोलकाठी उचलून आडवी ठेवणे आले आणि सर्व तारा नव्या करणे आले. त्यासाठी लागणारे यंत्रभाग परदेशातून यावयाचे होते. ते आले तेव्हा क्रेन मोकळी नव्हती. यार्डाने दिलेली तारीख दोन वेळा पुढे ढकलली. आमच्या दोन महिन्यांपैकी सहा आठवडे अशा रीतीने कोरड्या जमिनीवर गेले. ‘काय भाग्यवान माणूस’ म्हणणाऱ्या तरुणांनी हे सहा आठवडे ध्यानात ठेवावेत.

तथापि ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. होडी जमिनीवर असली की मोरीचे पाणी खाली सोडता येत नाही. खाली बादली ठेवावी लागते. रात्री बाहेर जावयाचे तर हातात विजेरी घेऊन दहा फूट उतरावे आणि मैदान ओलांडून जावे. सौभाग्यवतीचे गुडघे दुखरे. पहिले दोन दिवस मुलाने तिच्या कमरेला पट्टा बांधून दोरी वर धरून ठेवली. ‘लहानपणी तुला पाळण्यात बांधून ठेवीत असे, त्याची फेड करतोस काय?’ असे ती म्हणाली. आणि तिसऱ्या दिवशी पट्टा सोडून उतरली.

शेजार तर जुन्या वाड्याची आठवण करून देणारा. एका बाजूस फ्रान्सचे वृद्ध जोडपे, दुसऱ्या बाजूस एकटी राहणारी हॉलंडची बाई. कोणाकडे रंग उरला की तो दुसऱ्याकडे जाई. कोणाचा पाना हरवला की चार पाने येत. आम्ही नेलेल्या मेतकुटाची कीर्ती तिसऱ्या दिवशी रांगेच्या टोकापर्यंत गेली होती.

आमच्या वाघोटन खाडीकाठी, विजयदुर्गाच्या जवळ, मराठ्यांच्या आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे. शाळेच्या सहलीबरोबर मी तेथे अनेकदा गेलो आहे. मुले आधी किल्ला पाहण्यास धावतात; गोदीत पाहण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटते. मी त्यांना सांगत असे की किल्ल्यावर लढाई एखादे वर्षी होई, गोदीत काम दरवर्षी चाले. कोकणात ‘शाकारणे’ हे एकच क्रियापद घरालाही लागते आणि होडीलाही. पावसाच्या तोंडी घर शाकारावयाचे, आणि किनाऱ्यावर ओढून घेतलेली होडीही झापांनी शाकारावयाची. ज्यांनी दोन्हींसाठी एक शब्द वापरला, त्यांना घर आणि होडी यांत फार मोठे अंतर दिसले नसावे.

होडीवरचा स्वयंपाक हे आमच्या मंडळींचे क्षेत्र. त्यातील दोनच गोष्टी सांगतो. शेगडी दोन बाजूंच्या खुंट्यांवर झुलती ठेवलेली असते. होडी कलली तरी ती पातळीत राहते आणि आमटी सांडत नाही. प्रत्येक फळीला पुढे बोटभर उंचीची पट्टी असते, म्हणजे वस्तू घरंगळत नाहीत. अशीच पट्टी देवांच्या फळीलाही आहे; बाळकृष्णालासुद्धा येथे कठडा लागतो. पाण्याची टाकी साडेतीनशे लिटरांची. तीन माणसे तीत तीन आठवडे काढतात. भांडी समुद्राच्या पाण्याने घासावयाची आणि गोड्या पाण्याचा शेवटचा हात फिरवावयाचा. ज्या बाईने चाळीस वर्षे विहिरीवरून पाणी भरले, तिला ही काटकसर नवी नव्हती. सूनबाईस ती म्हणाली, ‘अगं, तू माझ्या सासूबाईंच्या हाताखाली शोभली असतीस.’ आमच्या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्रक नाही.

नातीच्या शिक्षणाविषयी मला घोर होता. घरी राहून शिकण्याची त्या देशात कायदेशीर सोय आहे, आणि सकाळचे तीन तास सूनबाई तिला शिकविते. गणित ती नकाशावर शिकली आहे. अंश-कला तिला तोंडपाठ. मी तिला संधी शिकविले आणि तिने मला गाठी. ‘बोलाइन’ नावाची एक गाठ आहे. कितीही ताण पडला तरी ती सरकत नाही, आणि ताण गेल्यावर दोन बोटांनी सुटते. ‘आजोबा, घट्ट बसते आणि सुटत नाही ती गाठ वाईट,’ असे तिने मला सांगितले. तिचे मराठी स्वच्छ आहे, परंतु वाचन अडखळते. तिला बरोबरीची मैत्रीण आठवडाभर मिळते आणि मग त्या मुलीची होडी दुसऱ्या दिशेस जाते. हे उणे आहे, आणि ते तिच्या आईबापांनाही ठाऊक आहे.

जानेवारी सरता सरता होडी पाण्यात उतरली. आम्हांस समुद्रावरचे सहा दिवस मिळाले. व्हांगारेईच्या मुखातून बाहेर पडून टुटुकाका, तेथून व्हांगारुरू, मग केप ब्रेटचे भूशिर वळून बे ऑफ आयलंड्स. दिवसा चालावे, रात्री एखाद्या आडोशाच्या खाडीत नांगर टाकावा. इंजीन बंद करून शीड भरले की जो निःशब्दपणा येतो, तो मला शब्दांत सांगता येणार नाही; आणि तासाभराने मळमळू लागले, तेही सांगितले पाहिजे.

व्हांगारुरूच्या खाडीत एका रात्री आम्ही उशिरापर्यंत बाहेर बसलो होतो. आकाश ओळखीचे आणि तरी उलटे. मृग उत्तरेस, डोके खाली करून. व्याध त्याच्या वर. आणि देवगडास जो दक्षिण क्षितिजावर थोडाच वर येतो, तो अगस्ती येथे दक्षिणेस जवळजवळ माथ्यापाशी झळकत होता. नातीने विचारले म्हणून मी गोष्ट सांगितली. विंध्य पर्वत वाढू लागला, सूर्याची वाट अडवू लागला. तेव्हा अगस्त्य त्याला म्हणाले, मी दक्षिणेस जाऊन येतो, तोवर वाकून राहा. विंध्य वाकला. अगस्त्य दक्षिणेस गेले ते परतलेच नाहीत. ‘मग विंध्य?’ तिने विचारले. सौभाग्यवती म्हणाली, ‘तो अजून वाकलेलाच आहे, बाळ.’

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. नात झोपावयास गेली. मी निघताना जो प्रश्न बांधून नेला होता तो ‘होडी विकून किनाऱ्यावर कधी येणार?’ हा होता. तो मी विचारण्यापूर्वीच आमच्या मंडळींनी दुसरा विचारला. ‘आमचे काही बरेवाईट झाले, तर तू किती दिवसांत पोहोचशील?’

मुलाने उत्तर टाळले नाही. तारांची तपासणी करावी तसे त्याने ते एकेक करून सांगितले. ‘आई, न्यूझीलंडमध्ये असलो तर दोन दिवस. फिजीच्या मोठ्या बंदरात असलो तर होडीची व्यवस्था लावून चार-पाच. एखाद्या लांबच्या बेटावर असलो तर आठवडा, कदाचित जास्त. आणि भर समुद्रात असलो तर निरोप त्याच दिवशी कळेल, पण येता येणार नाही. दहा-बारा दिवस धर.’

‘म्हणजे दिवस होऊन जातील,’ ती म्हणाली.

‘हो.’

मला येथे आपल्या वाचकांपैकी अनेकांची आठवण झाली. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांना हा हिशेब अपरिचित नाही. त्यांचा दोन दिवसांचा असतो, आमचा कधीकधी बारांचा. मात्र तो कोणी उघड मांडीत नाही. मुले विचारीत नाहीत, आईबाप बोलत नाहीत, आणि मग एखाद्या पहाटे फोन वाजतो तेव्हा रडत रडत तो हिशेब करावा लागतो. आम्ही तो नांगरलेल्या होडीवर, शुद्धीत, चौघांनी मिळून केला.

ठरले ते असे. दाहासाठी कोणी कोणाची वाट पाहू नये. आमच्या पुतण्याने अग्नी द्यावा. त्याला मी परत आल्यावर हे सांगितले आहे आणि कागदावर लिहूनही ठेवले आहे. अस्थी मात्र मुलासाठी ठेवाव्यात. त्याने लांबच्या बेटांवरचा मुक्काम, आमच्या प्रकृतीकडे पाहून, दरवर्षी नव्याने ठरवावा. आणि वादळांच्या सहा महिन्यांतील निदान सहा आठवडे, होडी यार्डात टेकूंवर उभी असताना, तिघांनी देवगडास यावे. यादीतील कामे उरलेली असली तरी यावे. हे शेवटचे कलम सूनबाईंनी घातले. त्यावर मुलगा म्हणाला, ‘यादी तर कधीच संपत नाही.’ ती म्हणाली, ‘म्हणूनच.’

हे जीवन मला पसंत पडले, असे कोणी समजू नये. नातीला मैत्रिणी हव्यात, असे मी आजही म्हणतो, आणि पत्रातून लिहितो. परंतु होडी विकण्याविषयी मी शब्द काढला नाही. जो मनुष्य एकोणिसांतील एक तुटलेली तार शोधून काढतो आणि अठरांवर निभावून नेत नाही, त्याच्या हाती त्याचा संसार सुरक्षित आहे, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. आमच्याशी असलेल्या नात्याचीही अशीच तपासणी त्याने दरवर्षी करावी, एवढेच मागणे उरले होते, आणि ते त्याने मान्य केले.

ठरल्याप्रमाणे पुढील वर्षी मार्च महिन्यात ती मंडळी आली. पहिल्याच दिवशी चिरंजीव शिडी लावून कौलांवर चढले. माजघरावरचा एक वासा वाळवीने खाल्लेला निघाला. तो काढावा तर शेजारच्या दोघांचीही तीच दशा. सायंकाळी भिंतीवर एक कागद चिकटविलेला दिसला. नातीने आपल्या वळणदार, अजून थोड्या अडखळत्या मराठी अक्षरांत कामांची यादी लिहिली होती. चौदा कलमे होती. सर्वांत खाली, आजीने सांगितले म्हणून असेल किंवा आपल्याच मनाने असेल, पंधरावे लिहिले होते: आजोबांचा चष्मा.